नगरदेवीची राहिलेली बोळवण

१

चित्र आमच्या म्युनिसिपालिटीत आलं ते श्रावणातल्या रविवारी, नेमकं आमच्याकडे कानबाई देवी बसवतात त्या दिवशी. हिरालालशेठनी मुहूर्त पाहून आणलं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. रेल्वेचा गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला, त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, आणि शेठनी त्यातून एक गोल टेबल आणि हे चित्र उचललं. गाडीवाला रविवारी मोकळा होता, म्हणून रविवारी आलं.

शेठ आमचे प्रेसिडेंट. मी वत्सलाबाई. मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण होते, आता पेन्शनीत निघाले, आणि कमिटीवर सरकारने नेमलेली एकुलती बाई सभासद आहे. सभासद असण्याचा अर्थ एवढाच की वरच्या हॉलमध्ये माझी एक खुर्ची असते आणि माझा ठराव नेहमी पुढच्या सभेत असतो.

चित्र तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून कागदावर छापलेलं होतं. रंग नाही, नुसत्या काळ्या रेघा. जवळ गेलं की रेघांचं जाळं दिसायचं, थोडं मागे आलं की त्यातून बाई निघायची. उंच आसनावर बसलेली धिप्पाड बाई. डोक्यावर मुकुट, आणि मुकुट म्हणजे चक्क गावाचा कोट: बुरूज, तटबंदी, मधोमध लहानसा बंद दरवाजा. मांडीत चाव्यांचा जुडगा. समोर गावातले मातब्बर पुरुष गुडघ्यांवर. एका कडेला दाढीवाला म्हातारा, पाणी सांडणाऱ्या घड्यावर रेललेला. दुसऱ्या कडेला एक बाई दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरून. मागे कमान, कमानीतून लांब जाणारा रस्ता. आसनावरच्या बाईचे पाय अनवाणी, खालच्या पाटावर शेजारी शेजारी ठेवलेले.

दिवाल्या पट्टेवाल्याने भिंतीत खिळे ठोकले. चित्र लागतं न लागतं तोच कानबाईच्या घाईत असलेल्या बायका जिना चढून वर आल्या, पुढे शेठची बायको तुळशीबाई. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

"अव माय, हायी तं कानबाईच शे!" तुळशीबाई म्हणाल्या. "डोकावर कोट, मांडीमा चाब्या, म्होरे लेकरू धरेल शे. आखो काय पाहिजे?"

मी म्हटलं, "अहो, ही विलायती बाई आहे."

"विलायतथीन उनी तं काय व्हयनं? पाव्हनीच शे ना?"

झालं. काचेवर हळद लागली, कुंकू लागलं. पायांना लावायचं म्हणून तुळशीबाईंनी दोन अंगठ्यांवर कुंकवाची दोन ठसठशीत बोटं टेकवली. नारळ आला, ओटी आली, समई पेटली. मी पुढे होऊन पाहायला लागले तशा तुळशीबाई हळूच म्हणाल्या, "वत्सलाबाई, तुम्ही जरा मांगे सरा बरं. राग नका मानज्यात."

"राग कसला? मला मागूनच जास्त चांगलं दिसतं," मी म्हटलं, आणि मागे झाले. माझ्या यमूचे वडील जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, कुंकवाच्या वेळी मागे सरायची सवय अंगात मुरली आहे. तरी बोचतं, ते बोचतंच.

आता आमच्याकडची रीत अशी की कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिची बोळवण होते. वाजतगाजत, पाट डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. लेकीसारखी येते, लेकीसारखी तिला पाठवायची असते. बसवलेलीला कुणी ठेवून घेत नाही. सोमवारी सगळा गाव नदीवर निघाला तेव्हा दिवाल्याने शेठना विचारलं, "शेठ, वरनी बाईले बी उतारू का?"

"अरे, ती सरकारी बाई शे," शेठ म्हणाले. "भीतले खिळा ठोकेल शे. तिनी कसानी बोयवन?"

सगळे हसले. मीही हसले.

२

पोळा होऊन गेल्यावर शेठनी मला बोलावलं.

"बाई, कलेक्टरसाहेब येई ऱ्हायनात. त्यासले या चित्रना अर्थ सांगना पडी. ही बाई कोन, हाऊ म्हतारा कोन, समदं. तुम्ही लिखी द्या, मी वाची दाखाडसू."

"चित्र तुम्ही आणलंत, अर्थ तुम्हालाच ठाऊक असेल की."

"माले फ्रेम आवडनी व्हती," शेठ म्हणाले. खोटं बोलत नाही हा माणूस, एवढं मात्र खरं.

मी सांगितलं की शुक्रवारी दुपारच्या गाडीने मी सुरतेला निघते आहे, आणि जगबुडी आली तरी निघणार आहे. यमूला, माझ्या एकुलत्या लेकीला, आठवा महिना लागला होता. तिची पहिली दोन्ही बाळंतपणं इथे माझ्या घरी झाली आणि दोन्ही लेकरं या हातांनी मी दुपट्यात गुंडाळून बाहेर दिली. गावात धड दाईखाना नाही. माझा जो ठराव नेहमी पुढच्या सभेत जातो, तो दाईखान्याचाच. या खेपेला जावयाने तिला सुरतेलाच ठेवून घेतली, तिथे मोठं इस्पितळ आहे. निरोप आला होता, "आई, दिवस भरण्याआधी ये. तू नसलीस तर मी घाबरून जाईन." यापुढे मला कलेक्टर काय आणि गव्हर्नर काय.

"जा ना. लिखीसन द्या आन जा," शेठ म्हणाले.

म्हणून मी दुपारची हॉलमध्ये जाऊन बसू लागले. त्या वेळी तिथे कुणी नसतं. खालच्या कचेरीत कारकून डुलक्या घेतात, वर पारवे घुमतात. खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिलीतून उन्हाचे पट्टे पडतात. शाळेच्या कपाटातलं ग्रीक देवतांचं एक जुनं पुस्तक मी सोबत नेलं होतं, आणि अर्थ लावायला फारसा त्रास पडला नाही. ही बाई म्हणजे खुद्द नगरी. कोट तिच्या डोक्यावर, कारण कोटाच्या आतलं सगळं तिचं. म्हातारा म्हणजे नदी. मातब्बरांनी वेशीच्या चाव्या तिच्या मांडीत ठेवल्या आहेत, म्हणजे सत्ता तिला अर्पण केली आहे. लेकरू धरणारी आई म्हणजे प्रजा, पुढची पिढी नगरीच्या हवाली करणारी. वाक्यं छान जमत होती. मनात म्हटलं, शेठ वाचताना अडखळणार आहेत.

३

पायांचं लक्षात आलं ते पाय लिहायला घेतले तेव्हा. दोन्ही पाय पाटावर स्थिर आहेत, म्हणजे राज्य स्थिर आहे, असं लिहून मी खात्रीसाठी वर पाहिलं. डावा पाय पाटावर नव्हता.

तो पाटाच्या कडेशी होता, बोटं खाली झुकलेली. माणूस बऱ्याच वेळाने उठायच्या विचारात असला की एक पाय असा आधी सोडतो.

मी चष्मा पुसला. चष्मा धुळ्याच्या डॉक्टरचा, नवा. मनाला समजावलं की पहिल्या दिवशी तू मागे उभी होतीस, गर्दीतून पाहिलंस. हे पटलंही असतं. पण काचेवर तुळशीबाईंनी लावलेली कुंकवाची दोन बोटं होती. उजवं बरोबर अंगठ्यावर होतं. डावं रिकाम्या पाटावर होतं, आणि तुळशीबाईंचा नेम चुकत नाही, साऱ्या गावाला त्यांनीच कुंकू लावलेलं.

दिवाल्या पाण्याचा तांब्या घेऊन आला, त्याला विचारलं, "दिवाल्या, या बाईचे पाय आधी कसे होते रे?"

"काय ठाऊक, बाई. मी तिना पाय पडस तं डोया मिची लेस. पाय कसा देखसू?"

"काच सरकली असेल का?"

त्याने फ्रेम हलवून पाहिली. ती तसूभर हलली नाही. "खिळा मन्हा हातना शे," तो म्हणाला, जरा दुखावूनच.

त्या दिवशी मी लवकर घरी गेले. घरी गेल्यावर स्वतःचंच हसू आलं. म्हटलं, वत्सलाबाई, आयुष्यभर पोरींना भुतंखेतं नसतात म्हणून शिकवलंस, आता कागदावरच्या बाईला घाबर.

४

बुधवारी कमिटीची सभा होती. चित्र आल्यापासून मंडळींनी नवीन प्रथा पाडली होती. आत येताना प्रत्येकजण भिंतीकडे पाहून हात जोडायचा. माझी खुर्ची चित्राच्या बरोबर खाली ठेवली होती. बाईच्या खाली बाई, शोभून दिसतं म्हणे. त्यामुळे सगळे नमस्कार माझ्या डोक्यावरून जायचे.

दाईखान्याचा ठराव मी वाचायला घेतला. अर्ध्यावर आले तेवढ्यात उपाध्यक्षांनी रनाळ्याच्या रस्त्याच्या खडीची गोष्ट काढली. मी थांबले, पुन्हा सुरू केलं. शेठ हसून म्हणाले, "बाई, तुम्ही आमनी माय शेतस. आपन पुढली सभामा नक्की घेऊत." सगळ्यांनी मान डोलावली. मला इतका संताप आला की हातातल्या कागदाच्या मी घडीवर घडी घालत गेले. माय म्हणायचं, उंच बसवायचं, आणि तिथून उठू द्यायचं नाही.

त्याच वेळी मागून, माझ्या डोक्याच्या वरून, चाव्या वाजल्या. अगदी हलक्या, मांडीतला जुडगा कुणी जरा सारखा करावा तशा. मी शेठच्या कमरेकडे पाहिलं, तिथे ते तिजोरीची चावी खोचतात. त्यांची चावी टेबलावर होती. दुसऱ्या कुणाला काही ऐकू आल्याचं दिसलं नाही.

सभा संपल्यावर मी एकटी मागे राहिले आणि चित्र नीट पाहिलं. आणि माझा अर्थ पार उलटा झाला. मातब्बर तिला नमस्कार करत आहेत असं मी लिहिलं होतं. पण ते इतके दाटून बसले होते, खांद्याला खांदा लावून, की त्यांच्यामधून तिला पाऊल टाकायला जागाच नव्हती. मुकुटातल्या दरवाज्याला कडी होती, ती बाहेरून. चाव्या मांडीत खऱ्या, पण ती जिथे बसली होती तिथून कुठलंही कुलूप हाताला येणार नव्हतं. फक्त मागची कमान उघडी होती आणि तिकडे तिची पाठ होती.

डावा पाय आता जमिनीवर टेकला होता. मला तिची भीती वाटली, तशी दयाही आली. आणि मग माझी नजर त्या लेकरावर गेली. एवढ्या सगळ्या चित्रात ती एकाच गोष्टीकडे पाहत होती. ती दुपट्यातल्या लेकराकडे पाहत होती.

५

गुरुवारी सकाळीच मी तुळशीबाईंकडे गेले. लाज गुंडाळून ठेवली आणि सरळ म्हटलं, "तुळशीबाई, वरच्या बाईची बोळवण राहिलीय. आजच्या आज करा. चित्र उतरवा, नदीवर न्या, पाहिजे तर परत आणून लावा."

त्या धान्य पाखडत होत्या. सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही म्हनतस हायी? तुम्ही?"

"हो, मी."

"आते कसानी बोयवन, बाई? कानबाई जाईसन इतला दिन व्हयनात. गाव हाशी आमले. आन कलेक्टर येवावर शे, चित्र उतारं तं शेठ माले घरमा ऱ्हाऊ देतीन का?"

"मग मी करते."

हे म्हणताना माझं मलाच कळलं होतं उत्तर काय येणार. तुळशीबाईंनी मान खाली घातली. "सवासीन लागस, बाई," त्या अगदी मायेने म्हणाल्या. मग सूप पुन्हा उचलत म्हणाल्या, "तुम्ही काबरं भ्यातस? तुम्ही तं सकाय पोरकडे जाई ऱ्हायनात. गयात का सुटनात."

तेही खरंच होतं. संध्याकाळी मी ट्रंक भरली. बाळंतविड्याचं सामान, डिंक, खारका, माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. सगळं भरताना मन हलकं झालं. उद्या दुपारी गाडीत बसले की हे गाव, ही कमिटी, ती भिंत, सगळं मागे पडणार होतं.

६

शुक्रवारी मुनव्वर टांगेवाला वेळेवर आला. ट्रंक, छत्री, पाण्याची सुरई टांग्यात चढली. चष्म्याचं घर मी सीटवर ठेवलं. वाटेत म्युनिसिपालिटीवर थांबवून म्हटलं, "मुनव्वर, एवढे कागद वर ठेवून आलेच."

"जा बाई. टाइम शे."

वर कुणी नव्हतं. मी चित्राकडे पाहायचंच नाही असं ठरवून खालमानेने टेबलापर्यंत गेले, कागद ठेवले, त्यांवर दौत ठेवली. वळणार तेवढ्यात पाहिलं गेलं. दोन्ही पाय जमिनीवर होते. दोन्ही टाचा उचललेल्या होत्या.

मी धावलेच. दार बंद होतं. दुपारी माकडं शिरतात म्हणून दिवाल्या बाहेरून कडी लावून जेवायला जातो, हे मला ठाऊक होतं. मी आत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. इतकी साधी गोष्ट. मी दार ठोठावलं, हाका मारल्या. शाळेत माझा आवाज पटांगणाच्या टोकापर्यंत जायचा. त्या दिवशी तो मलाच कसातरी ऐकू येत होता, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा. खाली कारकुनांचं हसणं मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.

मग जिन्यावर पावलं वाजली. बाहेरच्या जिन्यावर, खाली जाणारी. अनवाणी, जड, एकेका पायरीवर थांबणारी. फार दिवस बसून राहिलेल्या माणसाची पावलं.

मी खिडकीशी गेले आणि झिलमिलीतून खाली पाहिलं. टांगा तिथेच होता. मुनव्वर घोड्याच्या तोंडाची पिशवी काढत होता. कचेरीच्या दारातून एक बाई बाहेर आली. माझं पांढरं लुगडं, माझी चाल, डावा खांदा किंचित उतरता, अगदी माझ्यासारखा. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता. पदराखाली डोकं मात्र डोक्यासारखं नव्हतं. तिथे काहीतरी उंच होतं, चौकोनी, आणि त्याच्या कडा पदरातून वर आल्या होत्या.

"बठा बाई," मुनव्वर म्हणाला, वर न पाहता.

"मुनव्वर!" मी ओरडले. झिलमिलीच्या पट्ट्या दोन्ही हातांनी धरून ओरडले. घोड्याने कान हलवले. बाई टांग्यात चढली, टांगा तिच्या वजनाने केवढा तरी कलला, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

मी वळून भिंतीकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही. एकच खुर्ची जवळ होती, चित्राखालची माझी, तिच्यावर मी बसले. झिलमिलीतून आलेल्या उन्हाच्या तिरप्या रेघा माझ्या हातांवर पडल्या होत्या, आणि मी हात हलवला तरी त्या हलल्या नाहीत.

७

दिवेलागणीला कडी निघाली. दिवाल्या आणि मुनव्वर दोघे आत आले. मला केवढा आनंद झाला! मी म्हटलं, "अरे मुडद्या, कडी लावण्याआधी आत बघावं की नाही? मुनव्वर, आता रात्रीची गाडी आहे का?"

दोघे आपसातच बोलत राहिले.

"बाईले गाडीमा बठाडी उनू," मुनव्वर दिवाल्याला सांगत होता. "चष्मानं घर टांगामा ऱ्हाई गयं. ठी दे, येतीन तधय दी दे."

"बाई कधय गयात? मी तं देखातच नही."

"दुपारलेच. बाईसनं काहीतरी बिघडेल व्हतं, दिवाल्या. वाटभर बोलन्यात नही. पदरमा चाब्या वाजी ऱ्हायन्थ्यात. डब्बामा खांडबारानी बाया बठेल व्हत्यात, त्या आपसूक उठी उभ्या ऱ्हायन्यात, समदी जागा सोडी दिन्ही."

"काहीच बोलन्यात नही?"

"एकच गोट इचारी. लेकरू कधय व्हई, म्हने. मी म्हनं, बाई, पोर तुमनी, माले काय इचारतस?"

मी ओरडले. जीव तोडून ओरडले. मुनव्वर, सुरतेला तार कर. जावयाला सांग, ती मी नव्हे. यमूला सांग, दार उघडू नकोस, लेकरू तिच्या हाती देऊ नकोस. मुनव्वरने चष्म्याचं घर टेबलावर, माझ्या कागदांशेजारी ठेवलं. जाताना त्याने सहज वर पाहिलं, जरासा थबकला, आणि मान हलवून निघून गेला.

दिवाल्याने समई लावली. कलेक्टरसाहेब येणार म्हणून सगळं नीटनेटकं हवं होतं. त्याने ओलं फडकं घेतलं आणि जुनं हळदकुंकू पुसलं. माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ओलं, गार सरकत गेलं. मग त्याने करंडा उघडला, बोट बुडवलं आणि हात उंच केला.

कपाळाला बोट टेकलं. इतक्या वर्षांनी कुंकू लागलं, आणि ते काचेसारखं थंड होतं.

दिवाल्याने माझ्या पायांशी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. समोर गुडघ्यांवर बसलेल्या पुरुषांच्या पाठी मला दिसत होत्या, खांद्याला खांदा लागलेल्या. मांडीत काहीतरी जड आहे. एका कडेला कुणीतरी दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू माझ्यापुढे धरून आहे आणि मी त्याचं तोंड पाहत नाही.

यमूचे दिवस भरत आले. मी टाच उचलून पाहते आहे. अजून उचलत नाही.